रग्बीत प्रोफेशनल व्हायचंय? मग हे आधी वाचा

मी टाइटहेड प्रॉप होतो, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटतात ते) पुढच्या रांगेत उजवीकडे, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत. नवीन पोरं विचारतात यात करिअर होतं का, तर होतं, रग्बी युनियन (पंधरा-पंधरा जणांची रग्बी) 1995 पासून अधिकृतपणे प्रोफेशनल आहे, पण पस्तिशीच्या आसपास, कधी कधी तर त्याच्या कितीतरी आधी सगळं आटोपतं हे डोक्यात ठेवूनच या.

पोझिशन स्वतःची अंगकाठी बघून ठरवा. विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने बॉल घेऊन पळणाऱ्याचं, बरंचसं स्पीडवर चालतं, तो कमी झाला की अवघड. आम्हा प्रॉप लोकांना उलट तिशीकडे जरा भाव येतो कारण स्क्रमची अक्कल मार खाऊनच येते. रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो की लगेच समोरच्या आठ जणांचा जोर मानेवर-खांद्यांवर. म्हणून बायसेप्सच्या आधी मानेचा व्यायाम, दिसायला बावळट दिसतो पण करायचाच. कान घासून सुजला, आत रक्त साकळलं तर लगेच डॉक्टरकडून काढून घ्या आणि दाबून पट्टी बांधा, नाहीतर तो तसाच गठ्ठा होऊन राहतो (माझे दोन्ही कान बघाल तर कळेल).

डोक्याला लागलेला मार मात्र मस्करीवारी घेऊ नका. स्टीव थॉम्पसन, 2003 चा वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडचा हुकर (पुढच्या रांगेत दोन प्रॉपच्या मधला), त्याला चाळिशीच्या सुरुवातीलाच डिमेन्शिया निघाला आणि तो वर्ल्ड कप जिंकल्याचंही त्याला आठवत नाही. गरगरतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय, तर मॅच चालू असली तरी फिजिओला सांगायचं, पुढच्या मॅचला जागा गेली तर गेली.

रिटायर झाल्यावर मला सगळ्यात जड गेलं ते टाइमटेबल. आधी कधी उठायचं, काय खायचं, वजन कधी करायचं सगळं फोनवर यायचं, मग एका सोमवारी काहीच आलं नाही, भूक मात्र प्रॉपचीच राहिली! त्यामुळे खेळत असतानाच सुट्टीच्या दिवशी एखादा कोर्स धरा, बऱ्याच देशांत खेळाडूंच्या संघटना यात मदत करतात.

आणि कॉन्ट्रॅक्टमधलं दुखापतीचं कलम स्वतः वाचा, पगार किती महिने चालू राहणार, ऑपरेशनचा खर्च कोणाचा, क्लब मधेच मोकळं करू शकतो का. एजंट म्हणेल स्टँडर्ड आहे, तरी वाचा, आणि नाही कळलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.