चितळाच्या शिंगांवरून त्याचा माज कसा ओळखायचा

मे महिन्यात ताडोब्यात मोहर्लीच्या बाजूने आत शिरलं की पाणवठ्याजवळ एखादा चितळ नर मान ताणून ओरडत असतो आणि त्याच कळपात दुसऱ्याच्या शिंगांवर अजून मखमल, म्हणजे लवदार कातडी, असते. पाहुणे विचारतात, "हा आजारी आहे का?" आजारी नाही, त्याचा माज अजून यायचा आहे. मी इथे 17 वर्षं गाईड आहे. हे ओळखायला मला बराच वेळ लागला, तुम्हाला तेवढा लागू नये.

आधी कारण समजून घ्या. नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक कमी असतं तेव्हा शिंग वाढतं. ते मऊ, उबदार, रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि त्यावर लवदार कातडी असते. काही महिन्यांनी संप्रेरक चढलं की आतलं हाड घट्ट होतं, कातडी वाळते, आणि नर ती झुडपांवर घासून काढतो. संप्रेरक चढलेलं असेतो शिंग कडक राहतं आणि नर माजावर येतो. ते उतरलं की बुडाशी हाड झिजतं आणि शिंग गळतं. हैदराबादच्या लॅकोन्स या वन्यजीवांच्या प्रयोगशाळेत लेंड्यांमधूनही अशी संप्रेरकं मोजतात. आपल्याला मात्र डोकं बघूनच काम भागवायचंय.

युरोपातली लाल हरणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी एकदम माजावर येतात, कारण दिवसाची लांबी त्यांना वेळ सांगते. लंडनला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जवळपास 9 तासांचा फरक असतो, आपल्याकडे जेमतेम अडीच. म्हणून चितळांत प्रत्येक नराचं वर्ष आपापलं चालतं. मध्य भारतात उन्हाळ्यात माजाचा जोर असतो खरा, पण कडक शिंगांचा नर कुठल्याही महिन्यात भेटतो. सांबर जास्त शिस्तीचं. त्याचा माज थंडीच्या तोंडाला आणि शिंगं गळतात उन्हाळ्यात.

आता वही काढा. एकच रस्ता, एकच वेळ ठरवा. प्रत्येक मोठ्या नरापुढे एक अक्षर लिहा: ग म्हणजे गळालेली, म म्हणजे मखमल, स म्हणजे कातडी सुटतेय, क म्हणजे कडक. एक-दीड वर्षाच्या, नुसत्या सुळक्यांच्या पोरांना वेगळं मोजा, नाहीतर हिशेब बिघडतो.

दुर्बीण शिंगाच्या टोकावर लावा. टोक गोल आणि जाड दिसलं की वाढ चालू आहे. अणकुचीदार आणि पांढरट चकचकीत दिसलं की कडक. सूर्य शिंगामागे असेल तर घाई करू नका, मखमलीची लव उजेडात चमकते आणि फसवते. गळालेल्या नराच्या कपाळावर दोन खुंट दिसतात, पहिल्या दिवसांत लालसर, मग खपली. कातडी सुटणारा नर क्वचितच मिळतो. शिंगावरून रक्ताळ चिंध्या लोंबतात आणि तो एका रोपट्याला सोडत नाही.

वागणूकही लिहा. मखमलवाला नर फांद्या चुकवत चालतो, आणि भांडलाच तर मागच्या पायांवर उभा राहून खुरांनी मारतो. माजावरचा नर शिंगांनी झुडपं झोडपतो, माद्यांचं मूत हुंगून ओठ वर मुडपतो.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. रस्त्याजवळ माद्यांमागे फिरणारेच नर मोजले आणि जवळपास सगळे 'क' लिहिले. मखमलवाले आत सावलीत आपापसात टोळी करून उभे होते. तेव्हा झाडीच्या कडेला पाच मिनिटं गाडी बंद करून थांबा, मगच आकडा खरा येतो.

महिनाअखेरी किती नरांत किती 'क' ते मांडा. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतं, तेव्हा बफरचा, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याचा, रस्ता धरा. पाडसं कधी जास्त दिसतात तेही टिपा आणि तिथून साडेसात-आठ महिने मागे मोजा. माजाचा जोर तिथेच सापडला पाहिजे. आणि गळालेलं शिंग उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते बाळगणं गुन्हा आहे.

शक्य असेल तर एक नर ओळखून ठेवा. माझा फाटक्या डाव्या कानाचा होता. तीन वर्षं त्याची शिंगं दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात गळली, पहिल्या दिवशी एक आणि दोन दिवसांनी दुसरं. त्याच्याच शेजारी चरणारा तेव्हा कडक शिंगांनी जमीन उकरत असायचा.