लसूण देऊनही मासे मरत होते, तेव्हा

तळ्यातल्या रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठले, शेपटीच्या कडा झिजू लागल्या. तपासणीत एरोमोनास जीवाणू निघाला. मी लगेच खाद्यात लसूण सुरू केला, तरी रोज मेलेले मासे वर येत होते. फार जीव तुटायचा.

चुका दोन होत्या. मी लसूण पेंड-कोंड्यासोबत शिजवत होतो. लसूण ठेचल्यावर त्यात ॲलिसिन हे जीवाणूंना मारणारं द्रव्य तयार होतं आणि उष्णतेने ते नासतं. शिवाय आजारी मासा खातच नाही, मग लसूण पोटात जाणार कसा?

पुढच्या खेपेला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तळ्यात सोडल्यापासूनच सुरुवात केली. किलोभर खाद्याला 10 ग्रॅम लसूण, ठेचून 10 मिनिटं तसाच ठेवलेला. तो गार खाद्यावर चोळायचा, वरून थोडं तेल, म्हणजे पाण्यात लगेच धुऊन जात नाही. मग सावलीत सुकवायचं. बोटाला चिकटेनासं झालं की तयार. मी शिळं खाद्य माशांना कधीच घालत नाही. पहिले दोन दिवस मासे बिचकले, नंतर वासावरच येऊ लागले.

गुण यायला काही आठवडे जातात. तळाचा गाळ आणि कुजलेलं खाद्य मात्र काढावंच लागतं, त्याला लसूण पर्याय नाही. या वेळी जाळं ओढलं तेव्हा खवले स्वच्छ, चकचकीत होते.