शाफ्टची बाइक थरथरतेय? शाफ्ट उघडण्याआधी हे तपासा

चेन नाही म्हणजे कटकट नाही, या भरवशावर शाफ्टची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी) बाइक घेतलेली असते. मग एके दिवशी ऐंशीच्या पुढे फूटपेगमधून तळपायाला मुंग्या यायला लागतात आणि पहिला संशय शाफ्टवरच जातो. तो शेवटी ठेवा. शाफ्टपर्यंत पोहोचायचं तर मागचं चाक आणि फायनल ड्राइव्ह (शाफ्टची फिरकी चाकाला देणारा गिअरचा डबा) दोन्ही सोडवावं लागतं. एवढा पसारा मांडल्यावर दोष टायरच्या हवेत निघाला, तर स्वतःचाच राग येतो.

१. थरथर कशाच्या मागे धावते?

सगळं निदान या एका प्रश्नावर आहे. रिकामा, सरळ रस्ता निवडा. ८० चा वेग धरून तीच बाइक चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये चालवून बघा. गिअरबरोबर थरथर बदलली तर ती इंजिनच्या फेऱ्यांची आहे. उभ्या बाइकवर न्यूट्रलमध्ये रेस करून तीच जाणवते का पाहा. जाणवली तर शाफ्ट निर्दोष. दोन सिलिंडरच्या इंजिनात थ्रॉटल बॉडींचं सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोन्ही सिलिंडरना हवा सारखी जाते का, ते आधी तपासून घ्या.

तिन्ही गिअरमध्ये ती सारखीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, फायनल ड्राइव्ह किंवा चाकात. आता क्लच दाबून बाइक तशीच घरंगळू द्या. तरीही थरथर चालू असेल तर चाक, टायर, बेअरिंग बघा. ॲक्सिलरेटर पिळल्यावरच येते आणि सोडताच जाते, असं असेल तर शाफ्टचा वाकणारा जॉइंट किंवा स्प्लाइन (शाफ्ट जिथे जोडला जातो ते दातेरी टोक) यांच्यावरचा संशय रास्त आहे.

२. थोडं गणित

जीप-ट्रकवाले ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात, तसाच जॉइंट इथे असतो, बहुतेक बाइकच्या शाफ्टला दोन. वाकलेल्या कोनात फिरताना एकटा क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दुसरा जॉइंट तो फरक पुसून टाकतो, पण दोन्हींची तोंडं (क्रॉस धरणारे दुबोटी फाटे) एकमेकांशी जुळलेली असतील तरच.

बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचं उदाहरण घ्या. मागचा टायर १७०/६०-१७, म्हणजे घेर साधारण २ मीटर. ताशी ९० किमीला चाक सेकंदाला साडेबारा फेऱ्या मारतं. फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर २.९१, म्हणून शाफ्टच्या सुमारे ३६ फेऱ्या, आणि क्रॉसचे झटके त्याच्या दुप्पट, ७३. बिघडलेलं चाक बाइक हलवतं, ते हलणं मोजता येईल असं वाटतं. बिघडलेला जॉइंट गुणगुणतो. हा फरक बुडाला नेमका कळतो.

मोजायचंच असेल तर आखेन विद्यापीठाच्या फायफॉक्स या ॲपमध्ये कंपनांचा आलेख मिळतो. मात्र ७३ झटके पकडायला फोनच्या सेन्सरने सेकंदाला दीडशेपेक्षा जास्त वेळा नोंद घ्यायला हवी. शिवाय जुना फोन वापरा. मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता.

३. हाताने तपासणी

हवा, रिमवरचे बॅलन्सिंगचे तुकडे, टायरची सपाट झालेली मधली पट्टी. हे पाच मिनिटांचं काम आहे. हल्लीच टायर बदलला असेल तर इथेच थांबून पुन्हा बॅलन्सिंग करून घ्या.

मग बाइक मेन स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा आणि एकाला शेजारी बसून बघायला सांगा. चाक फायनल ड्राइव्हच्या घरापासून (बाहेरच्या कवचापासून) वेगळं हलतंय? मोठं बेअरिंग गेलंय. घरच स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यापासून) हलतंय? तिथली पिव्हट बेअरिंगं बघा. आता गिअर टाकून चाक पुढे-मागे फिरवा. थोडा प्ले (मोकळी हालचाल) असायचाच. किती चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

एक चूक मात्र करू नका. इंजिन चालू करून, गिअर टाकून, स्टँडवर चाक जोरात फिरवू नका. हात-पाय जायचा धोका तर आहेच, शिवाय लोंबकळलेल्या स्विंगआर्ममुळे जॉइंटचा कोन वाढतो आणि धडधाकट शाफ्टही थरथरतो.

४. ऑइल बोलतं

बाइक गरम असताना फायनल ड्राइव्हचं ऑइल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावरची करडी, मऊ पेस्ट नेहमीची आहे. बोटांना टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या तर बाइक चालवू नका. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरलंय.

५. आता शाफ्ट

आधी रबर बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) बघा. कोकणातला एक पावसाळा फाटक्या बूटासह काढला की क्रॉसच्या सुयांसारख्या बेअरिंगना गंज चढायला वेळ लागत नाही. शाफ्ट हातात घेऊन प्रत्येक जॉइंट दोन्ही दिशांना वाकवा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. मध्येच अडला, खटका लागला, तर बदलायचा.

दोन्ही जॉइंटची तोंडं जुळतात का, तेही इथेच बघा. काही शाफ्टमध्ये दोन नळ्यांच्या मधे रबर असतं. ते घसरलं की जुळणी बिघडते आणि वरून काहीच दिसत नाही. गिअरबॉक्सच्या कामानंतर थरथर सुरू झाली असेल, तर शाफ्ट जोडताना स्प्लाइनचा एखादा दात चुकला असण्याची शक्यता मोठी.

परत बसवण्याआधी रबराच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा ती रेघ तुटलेली दिसली, तर रबर घसरलंय.