सुईवर पहिले टाके घालताना

दोन सुयांच्या विणकामात नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतात ते सुरुवातीचे टाके. कड आवळून बसली की पहिल्या ओळीत सुईचं टोकच आत शिरत नाही, आणि विणायलाच जमत नाही असं वाटू लागतं. खरं तर चूक फक्त कडेची असते.

सरावासाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिकट रंगाची लोकर आणि ४.५ किंवा ५ मिमीच्या सुया घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीत टाका कुठे सुरू झाला तेच दिसत नाही.

इथे दिलेल्या पद्धतीत दोन धागे लागतात: एक गुंड्याकडचा, दुसरा मोकळ्या टोकाचा. मोकळं टोक किती सोडायचं याचा अंदाज सुईच देते. सुईभोवती लोकरीचे १० वेढे घ्या, उलगडून लांबी मोजा. ३० टाके हवे असतील तर त्याच्या तिप्पट, आणि वर २० सेमी. टोक उरलं तर काही बिघडत नाही. पुरलं नाही तर मात्र सगळे टाके उसवावे लागतात, कारण कडेवर गाठ मारून धागा जोडला की ती गाठ टोचत राहते.

मोजलेल्या जागी सरकफास करून उजव्या हातातल्या सुईवर चढवा. हाच पहिला टाका. मोकळं टोक तुमच्याकडे, गुंड्याचा धागा पलीकडे ठेवा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन्ही धाग्यांच्या मधे घालून फाकवा, म्हणजे मोकळं टोक अंगठ्यावर आणि गुंड्याचा धागा तर्जनीवर येईल. खाली लोंबणारे दोन्ही धागे उरलेल्या तीन बोटांनी तळव्यात धरा. तळवा तुमच्याकडे वळवून सुई जरा खाली ओढली की बेचकीसारखा आकार तयार होतो.

आता सुईचं टोक अंगठ्याच्या बाहेरच्या अंगाने खालून वर, अंगठ्यावरच्या फासात घाला. तसंच पुढे नेऊन तर्जनीच्या अलीकडच्या धाग्यावरून खाली घ्या, तो धागा पकडा आणि अंगठ्याच्या फासातून परत बाहेर काढा. अंगठा सोडा. मग तोच अंगठा मोकळ्या टोकाखाली घालून हलकेच बाहेर ताणा, फास सुईवर बसतो. पहिले दहा-बारा टाके वेडेवाकडे येतील. ते उसवून पुन्हा घाला. चार-पाच वेळा केलं की हाताला वळण लागतं.

कड घट्ट होण्याचं कारण बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. जाड सुईवर टाके घातले की कड सैल होते, असं सांगितलं जातं. त्याने टाक्याचा फास मोठा होतो हे खरं, पण कडेचा ताण ठरतो तो दोन टाक्यांमधल्या धाग्यावर. प्रत्येक नवा टाका आधीच्याला चिकटवून ओढू नका, मधे २-३ मिमी जागा ठेवा. आणि टाका सुईच्या निमुळत्या टोकावर आवळू नका, जाड भागावर सरकवून मगच ताणा. टाके सुईवर सहज मागेपुढे सरकले पाहिजेत.

सुईवरचा प्रत्येक टाका नीट पाहा: सुईवरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या त्याच्या धाग्यांना पाय म्हणतात, त्यातला उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. मागे असेल तर तर्जनीवरचा धागा उलट बाजूने, म्हणजे खालून उचलला गेलाय. उसवायचं नसेल तर पहिल्या ओळीत असे टाके मागच्या पायातून विणा, पीळ पडणार नाही.

फक्त अंगठ्यावर वेढा घेऊन टाके चढवायची पद्धत शिकायला सोपी, पण नवशिक्याने ती टाळावी. पहिली ओळ विणताना टाक्यांमधला धागा लांबत जातो आणि कड लोंबते.

टाके जास्त असतील तर दर वीस टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचं कडं अडकवा, मोजणी सोपी होते. शेवटी सुई डाव्या हातात घ्या. इथे एकदा थांबून पाहा, कारण कडेला आता दोन धागे लोंबत असतात आणि भलताच हातात येतो. मोकळ्या टोकाने विणायला लागलात तर थोड्याच टाक्यांत ते संपतं. त्याची छोटी लडी करून आधीच बांधून टाका, आणि गुंड्याच्या धाग्याने पहिली ओळ सुरू करा.