बोटीची यादी सगळ्यात शेवटी

मुलाचं किंवा मुलीचं लग्न पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या घराण्यात झालं असलं, की कधीतरी व्याही एक कागद पुढे करतात. त्यावर बोटीचं नाव, साल आणि ‘आमचा मूळ पुरुष’. आडनाव स्नायडर, मिलर, यंग, नाहीतर कूक. नातवंडांसाठी वंशावळ करायला बसलेल्या आजी-आजोबांना वाटतं, अर्धं काम तर झालंच. माझं ऐकाल तर तो कागद तूर्त घडी घालून ठेवून द्या. अठराव्या शतकात जर्मन मुलखातून आलेल्या माणसाचा शोध बोटीपासून सुरू केला, की दुसऱ्याच कुणाचा तरी पूर्वज गळ्यात पडण्याची शक्यता फार. आधी मयताच्या मालमत्तेचे कागद आणि चर्चच्या वह्या, मग बोट, आणि जर्मनी त्याच्याही नंतर. या क्रमाने काय काय हाताशी ठेवायचं, ते सांगते.

बोटीबद्दल एवढी नाराजी का, ते आधी सांगून टाकते. फिलाडेल्फियात उतरणाऱ्या परदेशी लोकांची नावं लिहून घ्यायला सप्टेंबर १७२७ मध्ये सुरुवात झाली. राजनिष्ठेची शपथ घ्यायची ती सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी. बायका आणि मुलं त्या शपथेच्या यादीत नाहीतच. कप्तानाची यादी असली तर ती इंग्रज कानाला जे ऐकू आलं त्या स्पेलिंगची, आणि अशा कित्येक याद्या आज उरलेल्याच नाहीत. शिवाय १७२७च्या आधी आलेले लोक यात येणार कसे? कॉनराड वायझरचंच बघा. इरोक्वॉय मूळनिवासी आणि पेन्सिल्व्हेनिया सरकार यांच्यामधला हा नामांकित दुभाष्या १७१० मध्ये पोरवयात पॅलॅटाइन, म्हणजे र्‍हाइनकाठच्या पफाल्झ मुलखातल्या, निर्वासितांबरोबर न्यूयॉर्कला उतरला आणि १७२९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या तुल्पेहॉकन खोऱ्यात येऊन राहिला. त्याच्याआधी काही वर्षं न्यूयॉर्ककडच्या स्कोहारीहून निघालेली कुटुंबं सस्क्वेहॅना नदीने खाली येऊन त्याच खोऱ्यात वसली होती. ही माणसं फिलाडेल्फियाच्या यादीत शोधाल तर त्याच नावाचा कुणी उपरा सापडेल आणि तुम्ही खूश व्हाल.

तेव्हा पहिली तयारी काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची. घराणं आज जिथे आहे त्या काउंटीचं नाव लिहा आणि तिच्यापुढे ती कधी, कुणातून फुटली ते लिहा. १६८२ मध्ये फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर या तीनच होत्या. १७२९ मध्ये चेस्टरमधून लँकेस्टर निघाली, १७४९ मध्ये लँकेस्टरमधून यॉर्क, १७५२ मध्ये बर्क्स आणि नॉर्दॅम्प्टन, १७८४ मध्ये फिलाडेल्फियातून माँटगोमेरी, १७८५ मध्ये डॉफिन. कागद त्या त्या वेळच्या काउंटीतच राहतात, नव्या काउंटीबरोबर जात नाहीत. तुल्पेहॉकनचा शेतकरी १७४८ मध्ये वारला असेल तर त्याचं मृत्युपत्र लँकेस्टरला, आणि त्याच घरात, त्याच चुलीशेजारी त्याची बायको १७५५ मध्ये वारली असेल तर तिचे कागद बर्क्स काउंटीच्या रेडिंग गावात. हा तक्ता पानभराचाच होतो, पण तो नसला की ‘कागद मिळत नाहीत’ म्हणून लोक हात टेकतात.

दुसरं पान नावांसाठी. जर्मन घरात पाच भावांची नावं योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान आडाम अशी असू शकतात. यातलं योहान हे बाप्तिस्म्यापुरतं. हाक मारायचं नाव दुसरं. पुढे कागदोपत्री तो गेओर्ग किंवा जॉर्जच असतो. निव्वळ ‘योहानेस’ असेल तर मात्र ते त्याचं खरंखुरं हाकेचं नाव, त्याला योहान समजून दुसऱ्या भावात मिसळू नका. आडनावाची शक्य तेवढी सगळी रूपं आधीच लिहून काढा: ब-प, द-त, ग-क यांची अदलाबदल पफाल्झकडच्या बोलीत सर्रास होते, आणि काहींनी तर सरळ भाषांतरच केलं. त्सिमरमनचा कार्पेंटर झाला, श्वार्त्सचा ब्लॅक. बाईच्या आडनावाला ‘इन’ लागलेलं दिसेल, म्युलरची म्युलरिन. तेवढं काढून वाचायचं. यादीत ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसले म्हणून बाप-लेक ठरवून टाकू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला सीनियर म्हणत, मग नातं असो वा नसो.

तारखांचं थोडक्यात. इंग्रजी वसाहतींत २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ तारीख उजाडली, आणि त्याआधी कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीतला कागद १७४०/४१ असा जोडसाल लिहिलेला दिसतो. तो तसाच उतरवून घ्या, आपल्या मनाने एक साल निवडू नका. पाळकांच्या वह्यांत 7ला ‘बर’ जोडून लिहिलेला महिना म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, 10 डिसेंबर.

लिपीची तयारी मात्र वेळ खाते. या वह्या कुरेंट नावाच्या जुन्या जर्मन वळणात आहेत. आजोबांचे मोडीतले कागद ज्यांनी कधी लावून पाहिले असतील त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: अक्षरं एकमेकांत अडकलेली, आणि एन, ई, यू सगळी सारखीच. पूर्ण जर्मन शिकायची गरज नाही. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, दफन, विधवा, मुलगी, साक्षीदार असे पंचवीस-तीस शब्द आणि तुमच्या घराण्याची आडनावं कुरेंटमध्ये पुन्हा पुन्हा गिरवा. हाताला वळण बसलं की डोळ्यालाही दिसायला लागतं. छापील इंग्रजी उतारे भरपूर आहेत, विल्यम हिंकेसारख्या अभ्यासकाने रिफॉर्म्ड चर्चच्या कितीतरी वह्या उतरवून ठेवल्या. पण उतारा हा वाट दाखवायला. मूळ पानाचा फोटो पाहिल्याशिवाय वंशावळीत काही चढवू नये.

आता चर्च. घराणं कुठल्या पंथाचं, हे आधी ठरवावं लागतं, कारण त्यावर काय मिळेल आणि काय मुळीच मिळणार नाही हे अवलंबून आहे. मेनोनाइट, आमिश किंवा डंकर्ड असतील तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माच नाही, म्हणजे तसली नोंदही नाही. तिथे वेळ न घालवता सरळ मालमत्तेच्या कागदांकडे आणि जमिनीच्या दप्तराकडे वळा. मोरेव्हियन असतील तर तुमचं नशीब थोर. त्यांच्याकडे माणसाची जीवनकथा लिहून ठेवायची आणि दफनाच्या वेळी वाचायची पद्धत होती, आणि बेथलेहेमच्या त्यांच्या संग्रहात जन्मगावासकट अशा कथा आहेत. लुथेरन आणि रिफॉर्म्ड यांची गंमत वेगळी. कित्येक गावांत दोघांनी मिळून एकच इमारत बांधली, एक रविवार यांचा आणि एक त्यांचा, पण वह्या वेगळ्या. नवरा लुथेरन आणि बायको रिफॉर्म्ड असेल तर मुलं दोन्ही वह्यांत विखुरलेली असू शकतात. तुल्पेहॉकनला तर १७३०-४० च्या सुमारास लुथेरन आणि मोरेव्हियन यांच्यात एवढी भांडणं झाली, की तिथलं एखादं कुटुंब शोधताना दोन्हीकडच्या नोंदी चाळल्याशिवाय गत्यंतर नाही.

पाळक पोचेपर्यंत वसाहती वसून गेल्या होत्या, हेही ध्यानात ठेवा. लुथेरनांचा हेन्री मेल्किऑर म्युलेनबर्ग १७४२ मध्ये आला, रिफॉर्म्डांचा मायकेल श्लाटर १७४६ मध्ये. त्याआधी घोड्यावरून गावोगाव हिंडणारे पाळक बाप्तिस्मे आणि लग्नं लावत. योहान कास्पार श्टोव्हर हा त्यातला मोठा. १७३० ते १७७९ एवढ्या काळातल्या नोंदी त्याने स्वतःच्या वहीत ठेवल्या. त्यामुळे गावातल्या चर्चची वही उशिरा सुरू झाली म्हणून हात झटकायचे नाहीत, त्या भागातून कुठला पाळक जात होता ते शोधायचं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत सगळे बाळाचं नाव आणि आईबाप टिपून घेतात आणि पान उलटतात. खरी किंमत शेवटच्या ओळीला आहे. तिथे साक्षीदारांची, म्हणजे बाळाच्या धर्ममातापित्यांची नावं असतात. परक्या मुलखात हा मान कुणालाही देत नसत. आईचा भाऊ, बापाची बहीण, नाहीतर मूळ गावचा शेजारी. बाळाला नावही बहुधा त्याचंच. त्यामुळे एका घरच्या सगळ्या मुलांचे साक्षीदार एका कागदावर मांडा. एखाद्या आडनावाची माणसं तीन बाळांना उभी राहिली असतील, तर आईचं माहेर बहुतेक तेच. माहेरचं आडनाव या नोंदींत सहसा नसतं, आणि बाईचा शोध लागतो तो असाच. दृढीकरणाची (मोठं झाल्यावर स्वतः श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीची) आणि प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) यादीही बघा. त्यातच आणखी एक धागा आहे: १७४० च्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजन व्हायचं तर सात वर्षांचं वास्तव्य लागे आणि नजीकच्या तीन महिन्यांत प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजन घेतल्याचा दाखला लागे. वर्षानुवर्षं न फिरकलेला माणूस एकदम प्रभुभोजनाच्या यादीत दिसला, तर त्यामागे कोर्टाची तारीख असू शकते.

मालमत्तेच्या कागदांसाठी काउंटीच्या रजिस्टर ऑफ विल्सकडे, म्हणजे मृत्युपत्रं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं, पण तिथे मागायचं काय ते ठरवून जा. मोठ्या वहीत उतरवलेली प्रत दाखवली की लोक समाधानाने फोटो काढून परततात. ती प्रत कारकुनाच्या अक्षरातली. तुम्हाला हवी आहे ती मूळ फाईल: मृत्युपत्र, ते जर्मनमध्ये असेल तर सोबतचं इंग्रजी भाषांतर, घरातल्या वस्तूंची यादी, लिलावाचा हिशेब, आणि मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची व्यवस्था बघायला नेमलेल्या प्रशासकाचं जामीनखत. कारण मूळ कागदावर सही असते. १९३४ मध्ये स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी बोटींच्या याद्यांचे तीन खंड छापले, त्यातल्या दुसऱ्या खंडात शपथ घेणाऱ्यांच्या सह्या जशाच्या तशा आहेत. मृत्युपत्रावरची थरथरती सही आणि वीस-तीस वर्षांपूर्वी बंदरावर केलेली सही शेजारी ठेवून बघा. मोठ्या अक्षराचा फाटा आणि आडनावाचा शेवट म्हातारपणीही फारसा बदलत नाही. एकाच नावाच्या चौघांतून आपला कोणता, हे ठरवायला याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. व्याह्यांचा तो घडी घातलेला कागद आता काढा.

मृत्युपत्रात बायकोसाठी काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. शेत थोरल्याला मिळतं, पण त्याने आईला वर्षाला इतके बुशेल गहू, इतके राय, एक गाय, बागेचा तुकडा, दाराशी फोडून आणून टाकलेलं सरपण आणि घरातली अमुक खोली द्यायची, हे बारकाईने नमूद केलेलं असतं. मुलावर विश्वास नव्हता असं समजू नका. म्हातारपणाची तरतूद कागदावर करायची ही जर्मन गावांतली जुनी रीत. पण ती त्या मुलाची सख्खी आईच असेल असं नाही. ‘तिची मुलं’ आणि ‘माझी मुलं’ असे वेगळे उल्लेख दिसले तर दुसरं लग्न झालेलं आहे, मग चर्चच्या वहीत पहिलीच्या दफनाची नोंद शोधायची. थोरल्याला फक्त एक शिलिंग ठेवलेला दिसला की घराण्यात भांडण होतं अशा गोष्टी रचल्या जातात. बऱ्याचदा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो, बापाने जिवंतपणी जमीन करून दिलेली असते. तेव्हा खरेदीखतांची वही उघडा.

मृत्युपत्र न करता वारलेला माणूस संशोधकाला जास्त देतो, असं माझं मत. पेन्सिल्व्हेनियात १७९४ पर्यंत अशा वाटपात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा होता आणि विधवेला तिसरा हिस्सा. समजा देणी फेडून ९० पौंड उरले. ३० विधवेचे, राहिलेले ६०. मुलं चार असतील तर वाटे पाच, प्रत्येकी १२. ज्याच्या नावापुढे २४ दिसतात तो थोरला. मुलांची जन्मनोंद सापडली नाही तरी एका हिशेबावरून थोरला कोण आणि भावंडं किती, दोन्ही कळतं. लेकींची नावं नवऱ्यांसकट येतात, हा आणखी फायदा.

ऑर्फन्स कोर्टाची वही वगळू नका. बाप गेला की मूल त्या कोर्टाच्या लेखी अनाथ, आई धडधाकट असली तरी. चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडे, त्याहून लहानाला कोर्ट नेमून देई; म्हणजे कोण कोणत्या गटात हे पाहून वयाचा अंदाज बांधता येतो. नेमलेला पालक हा पुष्कळदा मामा असतो, आणि तो मामा बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांच्या कागदावर आधीच बसलेला असतो. दोन्ही दप्तरं एकमेकांना भेटतात ती इथे.

एवढं जमलं की मग र्‍हाइनपलीकडे. आता तुमच्या हातात एकटा माणूस नसून पाच-सहा आडनावांचा घोळका आहे, तोच घेऊन जा. प्रॉटेस्टंट वह्यांसाठी आर्खिऑन, कॅथलिकांसाठी मात्रिकुला, ही दोन्ही संकेतस्थळं घरबसल्या पाहता येतात. एकट्या म्युलरला शोधाल तर शेकडो गावं निघतील. म्युलर, त्याचा साक्षीदार आणि त्याचा शेजारी हे तिघे एकाच गावच्या वहीत दिसले तर मुक्काम आला. पफाल्झमधल्या पुष्कळ वह्या १६८९ च्या फ्रेंच जाळपोळीत गेल्या, त्यामुळे तिथे फार मागे जाण्याची आशा धरू नका. बाहेर पडायला जमीनदाराकडून सुटकेचा दाखला घ्यावा लागे आणि मालमत्तेचा दहावा हिस्सा द्यावा लागे. तो बुडवून रातोरात निघालेल्यांचा अर्थातच कागद नाही.

आणि बाप्तिस्मा सापडला, नाव जुळलं, साल जुळलं, तरी लगेच व्याह्यांना फोन करू नका. त्याच वहीतली दफनाची पानं पुढची पंधरा-वीस वर्षं चाळा. तान्ही मुलं फार जात, आणि गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला ठेवायची पद्धत होती. तुम्हाला सापडलेला योहान पेटर दोन वर्षांचा होऊन गेला असेल, तर तुमचा योहान पेटर त्याच्यानंतरचा, नाहीतर पलीकडच्या गल्लीतल्या चुलत्याचा.