लाकडी लूर तुटतोय? रेषेच्या या चुका टाळा

पावसाळा ओसरल्यावर कन्हान नदीवर मरळ मासा लागला, दोन झटके बसले आणि दोरीला नुसतं लूरचं, म्हणजे आमिषाच्या लाकडी नकली माशाचं, डोकं परत आलं. तुकडा उन्हात धरून पाहिला. तुटलेली बाजू तिरपी, गुळगुळीत; कुसळं जवळजवळ नाहीतच. म्हणजे लाकूड मोडलं नव्हतं, रेषेरेषेनं, म्हणजे तंतूंच्या दिशेनं, सुटलं होतं. मागचा गळ तोंडात घेऊन मासा गेला, याचं वाईट अजून वाटतं. म्हणूनच रेषा न बघता लूर कोरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पट्टीची कड सरळ दिसली की रेषाही सरळ आहे असं समजणं. लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, आणलेला तुकडा आरामशिनीवर करवतीच्या सोयीनं कापलेला असतो, झाडाच्या रेषेनं नाही. दहा सेंटीमीटर लांबीत रेषा एक सेंटीमीटर तिरपी गेली, तर वाकण्याची ताकद साधारण 80 टक्क्यांवर येते. दोन सेंटीमीटर गेली, तर जेमतेम निम्मी उरते. झटका सोसण्याची ताकद तर याहून जास्त घटते, आणि मासा झटकाच देतो. यासाठी तुकड्याच्या टोकावर पटाशी ठेवून हलकेच ठोका. फट जिकडे धावते ती खरी रेषा. तुकडा फोडायचा नसेल तर रंधा मारलेल्या जागी शाईचा एक थेंब टाका. तो रेषेच्या दिशेनं लांबट पसरतो. रुंद बाजू आणि कड, दोन्हीकडे बघा. नाकापासून शेपटीपर्यंत रेषा सलग गेली पाहिजे.

लूरला पाण्यात खाली नेणारं चपटं पातं हनुवटीजवळ बसवतात, त्याची खाच हीसुद्धा नाजूक जागा. खाचेपुढे लाकडाचा जो छोटा पाचर उरतो, त्यातल्या रेषा तोकड्या असतात. पातं दगडावर आपटलं की तो टवका उडतो. ठोकळा चौकोनी असतानाच खाच कापा, नाकाकडे थोडं लाकूड जास्त ठेवा आणि आकार नंतर द्या.

शेपटीत गळ अडकवायचा आकड्याचा स्क्रू थेट पिळू नका. टोकातून, म्हणजे रेषेच्या दिशेनं घुसलेला स्क्रू आडव्या बाजूइतकी पकड घेत नाही, वर पाचरासारखा लाकूड फाडतो. आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रू इपॉक्सी गोंदात बुडवून बसवा. मोठ्या मरळीसाठी मात्र मी स्क्रूवर विसंबत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची सलग तार घालतो. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो.

लाकूड कोणतं? काटेसावर हलकी, कोरायला सोपी, पण पाणी पटकन पिते. रंगाआधी नीट सील करावी लागते. साग मजबूत, पण तेलकट. चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसला नाही तर इपॉक्सी सुटते. गाठ किंवा खोडाचा अगदी मधला गाभा असलेला तुकडा सोडून द्या. लाकूड वर्षवलयांच्या कडेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे गाभ्याभोवतीचा तुकडा वाळताना चिरतोच. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर ओलं लाकूड टाकलं की ते बाहेरून झटकन वाळतं, आतून ओलंच राहतं आणि भेगाळतं. टोकांना फेव्हिकॉल लावून सावलीत, हवेशीर जागी ठेवा.

लूर बादलीत सोडल्यावर एकाच कुशीवर कलत असेल तर शेपटीकडची वलयं बघा. सागात काही पट्टे घट्ट, काही पोकळ असतात. घट्ट पट्टे एका बाजूला आले की तीच बाजू जड होते. पुढच्या वेळी ठोकळा मधोमध उभा चिरा आणि पुस्तक उघडावं तसे दोन्ही भाग उलगडा. मग कापलेल्या बाजू बाहेर ठेवून पाठीला पाठ चिकटवा. दोन्हीकडची वलयं आरशासारखी जुळतात, आणि चिकटवण्याआधी तारेसाठी खोबणही त्याच जोडावर कोरून घेता येते.