टकीला घेताना रंगाला भुलू नका : या चुका टाळा

थर्टी फर्स्टला एका मित्राने विमानतळावरून आणलेली सोनेरी बाटली कौतुकाने टेबलावर ठेवली. "जुनी आहे रे, रंग बघ!" बाटली फिरवून लेबल वाचलं. त्यावर 'ओरो' होतं, म्हणजे नुसतं 'सोनेरी'. किती मुरली याचा पत्ता नव्हता, आणि 'शंभर टक्के अगावे' (टकीला ज्या घायपातीसारख्या झाडापासून बनते ते) ही ओळही नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची डोकी धरली. खापर बाटलीवर फोडून मोकळे झालो खरे, पण पेले मोजायचं आम्हीच सोडलं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच : रंगावरून वय ठरवणं. टकीला गाळली की पाण्यासारखीच दिसते. तिला रंग येतो ओकच्या पिंपात मुरल्यावर, नाहीतर वरून कॅरमेल घातल्यावर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. म्हणून शब्द वाचायचे. ब्लांको म्हणजे न मुरवलेली, फार तर दोन महिन्यांच्या आतली. रेपोसादो किमान दोन महिने मुरलेली, आन्येहो किमान एक वर्ष, तेही ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात. एक्स्ट्रा आन्येहो किमान तीन वर्षं. हा वर्ग २००६ मध्ये आला. ओरो किंवा होवेन मात्र यात कुठेच नीट बसत नाही. कधी ब्लांकोत थोडी मुरलेली टकीला मिसळलेली असते, पण स्वस्त बाटल्यांत बहुतेकदा रंगच. उलटा चकवाही आहे. क्रिस्तालिनो पाण्यासारखी नितळ दिसते, पण ती असते मुरलेली टकीला, कोळशातून गाळून रंग काढून टाकलेली. आणि एक टक्क्यापर्यंत कॅरमेल, ग्लिसरीन, साखरेचा पाक, ओकचा अर्क घालायला नियमाची मुभा आहे, त्यामुळे रेपोसादोचा रंगही सगळा पिंपाचाच असेल असं नाही.

दुसरी चूक, जे लिहिलेलं नाही ते न वाचणं. टकीलातली किमान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची असावी लागते. उरलेली उसाचीही चालते. अशा बाटलीला बोलताना 'मिक्स्तो' म्हणतात, पण लेबलवर हा शब्द शोधून सापडणार नाही. तिथे फक्त 'टकीला' असतं. 'शंभर टक्के अगावे' दिसलं नाही की समजून घ्यायचं. शंभर टक्केवाली बाटली मेक्सिकोतच, ठरवून दिलेल्या प्रदेशातच भरावी लागते. मिक्स्तो टँकरने बाहेर जाऊन दुसऱ्या देशात भरली जाऊ शकते. लेबलवरच्या नॉम (NOM) शब्दापुढचा चार आकडी क्रमांक हा कारखान्याचा, दर्जाचा नव्हे. दोन वेगळ्या ब्रँडवर एकच आकडा दिसला तर दोन्ही एकाच भट्टीतून आल्या.

'जास्त मुरलेली ती भारी' हा व्हिस्कीवाल्यांचा हिशेब इथे लावू नका. अगावेचं झाड शेतातच पाच ते आठ वर्षं वाढतं, मग हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा कामगार, लांब दांड्याच्या धारदार कोआने त्याची पाती छाटून अननसासारखा गड्डा काढतो. त्या भाजलेल्या गड्ड्याचा गोडसर, मिरमिरीत वास सगळ्यात मोकळा मिळतो तो ब्लांकोतच. पिंपात वर्षं गेली की व्हॅनिला आणि लाकूड पुढे येतं, अगावे मागे पडतं. माझं मत विचाराल तर पहिली बाटली ब्लांकोच घ्यावी.

मार्गारिटात, म्हणजे टकीला-लिंबाच्या कॉकटेलमध्ये, आन्येहो ओतणं म्हणजे आमरसासाठी हापूस आणायचा आणि वर इसेन्स घालायचा. तिथे ब्लांको चालते, आणि बाटलीतल्या रसाऐवजी ताजं लिंबू पिळा. आपलं कागदी लिंबू आणि मेक्सिकोतलं छोटं हिरवं लिंबू एकाच जातीचं, त्यामुळे त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

मीठ चाटून, एका घोटात, वर लिंबू चावून घेतली की घसा जळतो आणि मग 'टकीला वाईटच' असा शिक्का बसतो. चांगली बाटली फ्रीझरमध्येही ठेवू नका, थंडीने वास दबतो. अरुंद तोंडाच्या पेल्यात थोडी घ्या, तळहातावर दोन थेंब चोळून हुंगून बघा. नुसता स्पिरिटचा भपका आला तर ती कॉकटेलमध्ये वापरा.

अळी टकीलात नसते, ती मेझकाल या अगावेच्याच दुसऱ्या मेक्सिकन दारूच्या काही बाटल्यांत असते. आणि प्रत्येक अगावेची दारू टकीला नव्हे : मेक्सिकोतलं हालिस्को हे पूर्ण राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास यांतले ठरावीक भाग एवढीच तिची हद्द. भारतात दख्खनच्या घायपातीच्या कुळातल्या झाडांपासून बनते तिला म्हणून अगावे स्पिरिट म्हणतात. काजूची फेणी जशी गोव्याचीच, तसंच हे.

बूच असलेली बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका. एवढ्या कडक दारूत बूच झिजतो आणि भुगा तळाशी येतो. उभी ठेवा, उन्हापासून लांब. अर्ध्याखाली आली की दिवाळीची वाट न बघता संपवा, कारण वरच्या हवेने तिचा वास हळूहळू उतरत जातो.